वाडी, बावखल आणि हंडी : वसईच्या स्वयंपाकाचे एक वाचन

खाद्यसंस्कृतीविषयीच्या मराठी लेखनात 'पारंपरिक' आणि 'स्थानिक' ही दोन विशेषणे बहुधा जोडीने येतात. एखादा पदार्थ पारंपरिक म्हटला की तो फार जुना असणार आणि स्थानिक म्हटला की त्यातला जिन्नस इथल्याच मातीत उपजलेला असणार, असे आपण न तपासता धरून चालतो. वाङ्मयाच्या अभ्यासात 'परंपरा' हा शब्द इतक्या सैलपणे वापरण्याची मुभा आपण कोणाला देत नाही. संहितेचे थर, प्रक्षेप आणि पाठभेद आपण कसोशीने पाहतो. स्वयंपाकघराला हीच कसोटी लावली तर काय दिसेल, हे वसईच्या निमित्ताने पाहावे असा आमचा विचार आहे.

तुलनेसाठी आम्ही एक दूरचा प्रदेश घेतला आहे : प्रशांत महासागरातली पॉलिनेशियन बेटे, म्हणजे टोंगा, सामोआ, ताहिती, हवाई आणि दक्षिणेला न्यूझीलंड. ही निवड चमत्कृतीसाठी केलेली नाही. त्या बेटांवरच्या जुन्या स्वयंपाकाचा आधार असलेल्या वनस्पतींची यादी हाती घेतली, तर अळू, कोनफळ, करांदा, केळ, नारळ, ऊस, हळद आणि रताळे ही नावे समोर येतात. वसईतल्या एखाद्या जुन्या वाडीची यादी याहून फारशी वेगळी होत नाही. हजारो मैलांच्या अंतरावरच्या दोन किनाऱ्यांनी जवळजवळ एकाच वर्णमालेत आपापला मजकूर लिहिला आहे. मजकूर कुठे जुळतो आणि कुठे फारकत घेतो, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा ठरतो.

बेट असलेली वसई

आजच्या वसई-विरारच्या इमारतींच्या गर्दीत हे ध्यानात येत नाही, पण वसई हे एके काळी बेट होते. उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला उल्हास नदीचे पाणी समुद्राला नेणारी वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला सोपाऱ्याची खाडी असा हा भूभाग. पूर्वेची खाडी गाळाने भरत गेली आणि बेट मुख्य भूमीला सांधले गेले. अर्नाळ्याचा किल्ला ज्यावर उभा आहे ते बेट मात्र अजून बेटच आहे, आणि तिथे कोळ्यांची वस्तीही आहे.

या भूमीचा इतिहास बंदराचा इतिहास आहे. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. इथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला आणि पुढे १९५६ मध्ये नवव्या लेखाचा तुकडाही सापडला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतील 'पेरिप्लस'मध्ये या बंदराचा उल्लेख आहे. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने ती जिंकून घेतली. मधली दोनशे वर्षे किल्ल्याच्या इतिहासात लढायांची आहेत. स्वयंपाकाच्या इतिहासात ती बियाण्यांची, शब्दांची आणि धर्मांतराची आहेत.

या पट्ट्यात वाडीचा व्यवसाय करणारे सोमवंशी क्षत्रिय पाचकळशी अर्थात वाडवळ, सामवेदी ब्राह्मण, त्यांच्याच बोलीचा वारसा सांगणारे सामवेदी किंवा कुपारी ख्रिस्ती, समुद्रावर जगणारे कोळी, माडाताडावर चढणारे भंडारी, मिठागरांशी आणि खाजणांशी नाते असलेले आगरी आणि पूर्वेच्या तुंगारेश्वराच्या रानात राहणारे आदिवासी असे अनेक समाज शेजारी शेजारी आहेत. यांतल्या प्रत्येकाचा स्वयंपाक निराळा आहे; पण कंद, केळ, नारळ आणि मासळी या चार गोष्टी कमीअधिक प्रमाणात सर्वांच्या घरी आहेत.

कंदांचे गोत्र

पॉलिनेशियन लोक नव्या बेटाच्या शोधात निघत तेव्हा जोडहोड्यांत रोपे, कंद आणि कोंब घेऊन निघत. हवाई बेटे सुमारे हजार वर्षांपूर्वी आणि न्यूझीलंड तेराव्या शतकाच्या सुमारास अशा प्रवासांतून वसले. त्या होड्यांतला सर्वांत मानाचा कंद म्हणजे अळूचा. हवाई भाषेत त्याला 'कालो' म्हणतात आणि तिथल्या उत्पत्तिकथेत तो माणसाचा थोरला भाऊ आहे. अळूच्या गड्ड्याला फुटणाऱ्या पिलाला 'ओहा' म्हणतात. कुटुंबवाचक 'ओहाना' हा शब्द त्यावरूनच आला असे मानले जाते. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. केळीच्या बुंध्यातून निघणारे मुनवे पाहून आपणही वंशविस्ताराचीच भाषा बोलतो आणि लग्नाच्या मांडवाला केळीचे खांब बांधतो.

एकाच वनस्पतीचा उपयोग मात्र दोन किनाऱ्यांनी निरनिराळा केला. हवाईत अळूचा गड्डा हे मुख्य अन्न. तो शिजवून, दगडी वरवंट्याने कुटून, पाणी घालून 'पोई' नावाची लापशी करतात आणि ती आंबवूनही खातात. आपल्याकडे मुख्य अन्न भात असल्याने अळूचे पान पुढे आले : वडी आणि फदफदे. दोन्हीकडच्या स्वयंपाकिणींना एक अडचण मात्र सारखीच सोडवावी लागली. अळूच्या कुळातल्या वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते घशाला खाजवतात. हवाईत त्यावर उपाय म्हणजे तासन्‌तास शिजवणे. आपल्याकडे शिजवण्याला चिंचेची किंवा आंबटचुक्याची जोड. पावसाळ्याच्या तोंडावर आदिवासी स्त्रिया वसईच्या बाजारात शेवळे आणतात, तेव्हा सोबत काकडाची आंबट फळे विकायला ठेवतात, ती याच कारणासाठी. त्या टोपलीत भाजी आणि तिच्यावरची टीका एकत्रच मिळते म्हणायला हरकत नाही.

कोनफळ आणि करांदा यांची कहाणीही अशीच आहे. जांभळ्या किंवा पांढऱ्या गराचे कोनफळ हेच पॉलिनेशियातले 'उफी' किंवा 'उही'. वेलीवर हवेत लटकणारा करांदा हाच हवाईतला 'होई'. तिथे करांदा दुष्काळातले अन्न म्हणून राहिला. वसईत तो हिवाळ्यातला अपूर्वाईचा जिन्नस झाला. केळीचा वंशवृक्ष तर अधिकच बोलका आहे. केळीच्या लागवडीचे सर्वांत जुने पुरावे न्यू गिनीच्या डोंगराळ भागात, कूक नावाच्या दलदलीत मिळाले असून ते सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचे आहेत. त्या बाजूची एक रानकेळ आणि भारतीय उपखंडात वाढणारी दुसरी रानकेळ यांच्या संकरातून ज्या जाती निपजल्या, त्यांच्या मोठ्या गोतावळ्यात वसईची राजेळीही येते आणि प्रशांत महासागरातली शिजवून खायची जुनी केळीही येतात. म्हणजे जिला आपण वसईची खास म्हणतो त्या राजेळीचे मातुल-पितृकुल समुद्राच्या दोन टोकांना आहे. नारळाचे उलट : २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिक अभ्यासानुसार प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर अशा दोन्ही ठिकाणी नारळ स्वतंत्रपणे माणसाळवला गेला. केळ प्रवास करून सारखी झाली, आणि नारळ मुळातच दोन जागी माणसाचा झाला.

हंडी आणि खड्डा

आता ज्या पदार्थामुळे ही तुलना सुचली त्याकडे येऊ. उकडहंडी हा वसईपासून पालघर-डहाणूपर्यंतच्या पट्ट्यातला, विशेषतः वाडवळांच्या घरचा हिवाळी पदार्थ. वालाच्या शेंगा कोवळ्या असतात, कंद खणून निघालेले असतात आणि रात्री शेकोटीची गरज भासते, अशा दिवसांत तो होतो. कोनफळ, करांदे, रताळी, बटाटे, कच्ची केळी, लहान वांगी, शेवग्याच्या आणि वालाच्या शेंगा. ओले खोबरे, लसूण, कोथिंबीर, मिरची आणि ओवा यांचे वाटण. घरागणिक ही यादी थोडी बदलते. तत्त्व मात्र एकच : हंडीत थरावर थर रचायचे, वरून पाणी घालायचे नाही, तोंड पानांनी झाकून बंद करायचे आणि मंद आचेवर भाज्यांना स्वतःच्याच ओलाव्यात शिजू द्यायचे.

हा पदार्थ एकटा नाही. दक्षिणेला रायगडात पोपटी आहे : मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरून, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात. उत्तरेला वलसाडकडे उंबाडियुं आहे आणि सुरतेचे उंधियुं आहे. 'ऊंधुं' म्हणजे उपडे, हा त्या नावातला मूळ अर्थ आज कढईत होणाऱ्या उंधियुंत उरलेला नाही, पण शब्दाने तो जपून ठेवला आहे. सुरतेपासून अलिबागेपर्यंत भाषा बदलते, प्रांत बदलतो, राज्यांच्या सीमा आड येतात. हंडी मात्र एका सलग किनाऱ्याची आहे. प्रांतवार पाककृतींची पुस्तके काढण्याच्या आपल्या सवयीत ही सलगता हरवते.

पॉलिनेशियातही स्वयंपाकाचा गाभा हाच आहे : पाने, कंद, बंदिस्त उष्णता, स्वतःची वाफ. सामोआत त्याला 'उमू' म्हणतात, हवाईत 'इमू', माओरी भाषेत 'हांगी'. दगड लाल होईपर्यंत तापवतात, त्यांवर केळीच्या किंवा तत्सम पानांत गुंडाळलेले कंद, मासे, मांस ठेवतात आणि वरून पाने, चटया, बहुतेक ठिकाणी मातीही पसरून काही तास विसरून जातात. फरक एवढाच की तिथे हंडी नाही. याला ऐतिहासिक कारण आहे. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी टोंगा-सामोआला पोहोचलेले पूर्वज मातीची नक्षीदार भांडी घडवीत. पुढच्या काळात ही कला तिथे लोपली आणि हवाई किंवा न्यूझीलंड वसले तेव्हा कुंभारकाम कोणाच्या हाती उरले नव्हते. भांडे गेले तेव्हा जमिनीलाच भांडे व्हावे लागले. आपल्या किनाऱ्यावर कुंभार होता, म्हणून आपण जमिनीचे काम मडक्याला दिले. तंत्र लोप पावले तरी स्वयंपाक लोपत नाही, तो उपलब्ध साधनात आपला तोल सांभाळतो, हे या तुलनेतून हाती लागणारे पहिले निरीक्षण.

शब्दांनी केलेली अदलाबदल

उकडहंडीच्या यादीकडे आता इतिहासाच्या नजरेने पुन्हा पाहू. तीत बटाटा आहे, रताळे आहे, मिरची आहे; आणि हे तिन्ही अमेरिकेतून आलेले आहेत. म्हणजे पोर्तुगीजपूर्व उकडहंडी, ती त्या काळी होत असल्यास, तिखटासाठी मिरी-आल्यावर आणि भरीसाठी केवळ आशियाई कंदांवर चालत असली पाहिजे. नवे जिन्नस आले आणि जुन्या हंडीने त्यांना जागा दिली.

भाषेने हे स्थलांतर कसे पचवले ते पाहणे साहित्याच्या विद्यार्थ्यांना विशेष उद्‌बोधक व्हावे. मिरचीला मराठीने नवे नाव दिलेच नाही. मरिच-मिरी या जुन्या कुळातच तिला दत्तक घेतले. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांनी आणला, पण कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतला तो मूळ शब्द रताळ्याचा वाचक होता. शब्द रताळ्याचा, तो गेला बटाट्याकडे. आणि रताळ्याला मराठीत असे नाव मिळाले की त्याचे परकेपण कोणाला जाणवतही नाही. काजू, अननस, पपई, कोबी, पाव हे तर पोर्तुगीजातून उघडपणे आलेले शब्द आहेतच. वाडीत माती वाहणारे घमेलेसुद्धा पोर्तुगीज 'गामेला'चे वंशज आहे.

याहून मौजेची गोष्ट उपवासाची. धान्य वर्ज्य करणाऱ्या व्रताने कंदांना मुभा दिली होती. अमेरिकेतले कंद त्या फटीतून थेट एकादशीच्या ताटात पोहोचले. रताळे, बटाटा, शेंगदाणा, साबुदाणा ज्यापासून होतो तो टॅपिओका हे सारे समुद्रापलीकडचे असून आपल्या सर्वांत सोवळ्या आहारात मानाने बसले आहेत. रताळे तर दोन वाटांनी दोन किनाऱ्यांवर गेले. दक्षिण अमेरिकेतून ते युरोपीय जहाजांच्या कितीतरी आधी पॉलिनेशियात पोहोचले आणि 'कुमारा' या नावाने न्यूझीलंडच्या थंडीतही रुजले; आपल्याकडे ते बहुधा पोर्तुगीज जहाजांतून आले. जगाला उलटसुलट वळसे घालून आलेला एकच कंद एका बाजूला हांगीत आणि दुसऱ्या बाजूला उकडहंडीत शिजतो.

धर्मांतराने याच स्वयंपाकघरात आणखी एक थर चढवला. वसईच्या ख्रिस्ती घरांतले इंद्याल पोर्तुगीज वाइन-लसणाच्या पाकक्रियेतून आले आणि सोरपोतेल पोर्तुगीज 'सारापातेल'मधून; पण त्यांना चव देणारा बाटली मसाला इथला. उन्हाळ्यात वीस-तीस जिन्नस भाजून, उखळात कुटून, बाटल्यांत ठासून भरलेला हा मसाला घराघराची ओळख असतो. लग्नाच्या जेवणातले फुगे पोर्तुगीज वळणाचे तळलेले पाव आहेत. त्यांचे पीठ पूर्वी फुगत असे ते मात्र भंडाऱ्याने उतरवलेल्या ताडीने. पाव आणायला युरोपीय लागला आणि तो फुगवायला शेजारचा माड लागला, असे हे सहकार्य. 'कुपारी' हा समाजवाचक शब्दही पोर्तुगीज 'कोंपाद्र'वरून आला असे मानतात. तो बोलणाऱ्यांची कादोडी बोली मात्र मराठी कुळातली आहे. 'ईस्ट इंडियन' हे नाव तर फार अलीकडचे. मुंबई परिसरातल्या स्थानिक ख्रिस्ती समाजाने ते १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी धारण केले. उकडहंडीसारख्या शाकाहारी पदार्थांपुरते पाहिले तर धर्माची सीमारेषा वाडीच्या कुंपणाइतकीही उंच नाही.

टिकवण्याची विद्या

बेटावरच्या माणसाला उद्याची चिंता अधिक असते. पावसाळ्यात समुद्र बंद होतो, खाड्या फुगतात, वाटा तुटतात. म्हणून बेटांच्या स्वयंपाकात टिकवण्याच्या क्रियेला शिजवण्याइतकेच मोल असते. मार्केसस बेटांवर नीरफणसाचा गर खड्ड्यांत आंबवून वर्षानुवर्षे ठेवीत. ताहिती आणि कुक बेटांवर केळी वाळवून पानांत घट्ट बांधून ठेवतात. त्याला 'पिएरे' म्हणतात.

वसईची सुकेळी ही त्याच विचाराची आहे. राजेळीचा घड तयार झाला की उतरवून पिकवायचा, साल काढून केळी मांडवावर उन्हात पसरायची, रात्री दवापासून जपायची, दिवसाआड परतायची. सुमारे आठवडाभराने ती मधाच्या रंगाची झाली की केळीच्याच वाळल्या पानांत गुंडाळून बांधायची. साखर नाही, तेल नाही. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरने आगाशीच्या सुक्या केळ्यांची विशेष नोंद घेतली आहे. सुकेळीचे खरे साधन म्हणजे ऊन ओळखणारी नजर. ढग आले की आठवड्याचे श्रम बुरशीला जातात.

समुद्राकाठी हीच विद्या कोळिणींच्या हाती आहे. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव या भागात बांबूच्या वलांडीवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घालतात. जवळा आणि करंदी जमिनीवर पसरतात. जोडीला मिठागरांतले मीठ. पावसाळ्यातल्या जेवणाची तरतूद फेब्रुवारी-मार्चच्या उन्हातच होत असते.

कागदावर काय उरले

अशा समृद्ध स्वयंपाकाची लिखित साधने मात्र तुटपुंजी आहेत. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केलेली 'महिकावतीची बखर' ही उत्तर कोकणच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन. पण तिचा रोख राजवंश, कुळे, गोत्रे आणि वतने यांच्यावर आहे. त्या कुळांतल्या स्त्रिया काय रांधीत हे सांगणे तिचे प्रयोजन नव्हते. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या संवादरूप ग्रंथात नारळ, केळ, आंबा, फणस, विड्याचे पान यांची चर्चा केली आहे. दोन विद्वान पुरुष बोलत राहतात आणि चर्चेतली वस्तू आणून दाखवायला घरातली एक दासी येते-जाते. ती वस्तू कशी सोलायची, कशी रांधायची हे बहुधा तिलाच ठाऊक होते. संवादात तिच्या वाट्याला आज्ञापालन आले आहे. मराठीत छापील पाकशास्त्राची सुरुवात 'सूपशास्त्र' या १८७५ च्या पुस्तकापासून मानतात आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे माप घरोघरी नेले. या पुस्तकांचे ऋण मोठे आहे. तरीही वाटी-चमच्याच्या मापात न बसणारे ज्ञान, म्हणजे कोणत्या बांधावरचा करांदा कडू निघतो, कोणत्या विहिरीचे पाणी पानवेलीला मानवते, हे त्यांच्या कक्षेबाहेरच राहणार होते.

ते ज्ञान बोलीत राहिले. कादोडी आणि वाडवळी या बोलींत, लग्नातल्या बायकांच्या गाण्यांत, उंबराच्या पाण्यासारख्या विधींत. अलीकडे या बोलींत लेखन, संकलन होऊ लागले आहे ही समाधानाची बाब. पण बोलीतला शब्द वस्तूच्या आधाराने जगतो. राहाट गेला तेव्हा त्याच्या भागांची नावे गेली. वलांडी गेली तर तो शब्दही शब्दकोशापुरता उरेल.

पाण्याचा अध्याय

इथे आम्ही या लेखाच्या मुख्य मुद्द्याशी येतो. वर पाहिलेल्या वनस्पतींपैकी बऱ्याच बाहेरून आलेल्या आहेत. मग त्यांना स्थानिक का म्हणायचे? आमचे उत्तर असे की स्थानिकता बियाण्यात नसते. ती पाण्यात आणि पाण्याभोवतीच्या कष्टांत असते. वसईच्या संदर्भात या पाण्याचे नाव बावखल.

बावखल म्हणजे वाडीतले खोल, मोठे, खणलेले तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरींना गोडे ठेवते. समुद्र जवळ असलेल्या सखल भूमीत याचे महत्त्व दुहेरी आहे : गोड्या पाण्याचा दाब कमी झाला की खारे पाणी जमिनीखालून आत सरकते. उन्हाळ्यात राहाटाने हे पाणी पाटात येई आणि केळी, पानवेल, भाजी, फुले यांना मिळे. विरारहून मुंबईला १८६७ मध्ये रोजची आगगाडी सुरू झाली आणि पुढे वाडीतला माल त्या मार्गाने शहराच्या बाजारांत जाऊ लागला. मुंबईच्या ताटातली कितीतरी भाजी बावखलांच्या जिवावर पिकली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा व्यवहार उलटा फिरला. वाडी माल पाठवीत होती तेच शहर वस्ती होऊन वाडीत आले. नव्या इमारतींची तहान भागवण्यासाठी विहिरींचे पाणी टँकरांनी उपसले गेले, हरित पट्टा बांधकामाला मोकळा करण्याचे प्रयत्न झाले, अनेक बावखले भरावाखाली गेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून याविरुद्ध उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या आंदोलनाचे एक नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले. 'सुवार्ता' या मासिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते, २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये निवर्तले. एका मराठी लेखकाला आणि धर्मगुरूला विहिरीच्या पाण्यासाठी रस्त्यावर यावे लागले, ही घटना आपण त्यांच्या चरित्रातला जोडप्रसंग म्हणून वाचतो. ती वाङ्मयाच्याच इतिहासाचा भाग आहे असे आम्हांला वाटते. ज्या बोलीतून आणि जीवनातून हे लेखन आले, तिची जमीन पणाला लागली होती.

याही बाबतीत प्रशांत महासागरातले उदाहरण विचार करायला लावते. हवाई भाषेत पाण्याला 'वाई' म्हणतात आणि संपत्तीला 'वाईवाई'. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उसाच्या मळ्यांनी तिथले ओढे कालव्यांत वळवले आणि खालच्या अंगाची अळूची पाणथळ शेते सुकली. पोई खायची हौस होती, पण अळू महाग आणि दुर्मीळ झाला. २००० मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने ओआहू बेटावरच्या वाइआहोले कालव्याच्या खटल्यात, पाणी हा सार्वजनिक विश्वस्त ठेवा आहे, हे तत्त्व उचलून धरले. मळे बंद झाल्यावर काही ओढे पुन्हा वाहू लागले आणि शेतकरी अळूकडे परतले. सारे परत आले नाही; पण तिथल्या लोकांनी आपल्या अन्नाचा प्रश्न पाकक्रियेच्या स्पर्धांत न मांडता पाण्याच्या हक्कात मांडला, हे लक्षणीय आहे.

वसईतही अलीकडच्या वर्षांत काही गावांत बावखले मोकळी आणि स्वच्छ करण्याचे प्रयत्न झाले आहेत. दुसरीकडे उकडहंडी आणि पोपटी यांना शहरी चाहतेही लाभले आहेत. हिवाळ्यात त्यांचे मेळावे भरतात, चित्रफिती पाहिल्या जातात, कृती सहज सापडतात. ही आवड खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण बाजारातून आणलेल्या कंदांची उकडहंडी आणि बांधावरून खणून आणलेल्या कंदांची उकडहंडी यांत, अवतरण आणि मूळ संहिता यांच्यात असतो तेवढा फरक आहे. अवतरण अचूक असू शकते. मात्र संहिता नष्ट झाल्यावर त्याला संदर्भ उरत नाही.

परंपरा म्हणजे न बदलणे, असा अर्थ वसईचा स्वयंपाक आपल्याला शिकवत नाही. मिरची आली, बटाटा आला, पाव आला, नवा धर्म आला, आणि हंडीने सगळ्यांना थरावर थर सामावून घेतले. हा स्वयंपाक बाहेरच्यांमुळे कधी बिघडला नाही. त्याला पेलणार नाही असा बदल एकच आहे, आणि तो हंडीत घडत नाही, हंडीखालच्या जमिनीत घडतो. वाङ्मयाच्या वर्गात लोकसाहित्य शिकवताना आपण ओवी, उखाणे, म्हणी गोळा करायला विद्यार्थ्यांना गावात धाडतो. त्यांच्या वहीत एक रकाना आणखी असावा : ज्या अंगणात ही ओवी ऐकली, तिथल्या विहिरीला मे महिन्यात पाणी गोडे असते का?